कोंबडी आणि तिचीं पिलें : घरगुती कुक्कुटपालनाचा संक्षिप्त इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवालयाच्या पायाभरणीचा, धर्मगुरूंच्या परिश्रमांचा, शाळेचा व गायकवृंदाचा वृत्तांत वाचावयास मिळावा, अशी वाचकांची साहजिकच अपेक्षा असते. तो वृत्तांत देण्यास अधिकारी लेखक आहेत. प्रस्तुत लेखकानें मात्र परसांतील कोंबडीचा इतिहास लिहिण्याचें योजिलें आहे. विषय क्षुद्र वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. परंतु ज्या प्राण्याची उपमा प्रभु येशूनें स्वतःस लावून घेतली, त्यास क्षुद्र म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे काय, ह्याचाही त्यांनीं विचार करावा.

हा विषय सुचण्यास एक लहानसें निमित्त घडलें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय चालला होता. आपल्या लोकांस जवळ घेण्याची आपली इच्छा कितीदां व्यर्थ गेली, हें दुःख यरुशलेम नगरीपुढें सांगतांना प्रभूनें पिलांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचा दृष्टांत दिला आहे. तो ऐकून एका लहान मुलीनें विचारलें, "पण कोंबडी तर पिंजऱ्यांत असते ना? मग पिलें तिच्यापाशीं येतील कशीं?" तिनें कोंबडी पाहिली होती ती दुकानाच्या पिंजऱ्यांत, पिलांसह हिंडणारी कोंबडी तिच्या दृष्टीस कधींच पडली नव्हती. वर्गांतील कांहीं मुलें हंसलीं. पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. त्या मुलीच्या आजीच्या पिढीला ज्या उपमेचा अर्थ अंगणांतच कळत होता, ती उपमा नातीला समजावून सांगण्याची वेळ आली आहे. म्हणून हा पक्षी आला कोठून, त्याचीं पिलें माणसानें कसकशीं उबविलीं, आणि त्या खटपटींत काय मिळालें व काय हरवलें, हें थोडक्यांत पाहूं.

कोंबडीचें मूळ घर पूर्वेकडील उष्ण प्रदेशांतील वनांत आहे. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाली, असें चार्ल्स डार्विन ह्यानें १८६८ सालीं प्रतिपादन केलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें त्या मतास पुष्टि मिळाली, आणि चीनचा नैर्ऋत्य भाग, थायलंडचा उत्तर भाग व ब्रह्मदेश ह्या टापूंतील रानकोंबडी ही आपल्या कोंबडीची निकटतम पूर्वज ठरली. पाळीव कोंबडीचीं म्हणून खात्रीनें ओळखतां येणारीं सर्वांत जुनीं हाडें मध्य थायलंडांतील बान नॉन वाट येथें मिळालीं असून तीं इ. स. पूर्वीं १६५० ते १२५० ह्या दरम्यानचीं आहेत. भात व राळा ह्यांसारखीं धान्यें पिकूं लागलीं, खळ्यावर दाणा सांडूं लागला, आणि त्या दाण्यामागें रानपाखरूं मनुष्यवस्तीच्या कडेला येऊन राहिलें, असा संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे माणसानें कोंबडीस धरून आणिलें असें म्हणण्यापेक्षां, ती आपण होऊन त्याच्या दारीं आली व त्यानें तिला राहूं दिलें, असें म्हणणेंच अधिक यथार्थ होईल.

ह्या वंशांत आपल्या सह्याद्रीचाही थोडा वांटा आहे. घाटांतल्या जंगलांत पहांटे ओरडणारा करडा रानकोंबडा हा तांबड्याहून निराळ्या जातीचा पक्षी. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते. तो पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून करड्याकडून आलेला आहे, असें २००८ सालच्या संशोधनांत आढळून आलें. हा करडा पक्षी हिंदुस्थानच्या द्वीपकल्पांतील रहिवासी आहे. तेव्हां जगांत कोठेंही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्या रक्तांत आपल्या भूमीचा अंश आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

पूर्वेकडून हा पक्षी हळूहळू पश्चिमेस गेला. पवित्र भूमींत तो प्रथम झुंजीचा व शोभेचा पक्षी म्हणून पोहोंचला असावा. तेल एन-नस्बे येथें सांपडलेल्या, इ. स. पूर्वीं ६०० च्या सुमाराच्या एका यहूदी अधिकाऱ्याच्या मुद्रेवर झुंजीच्या पवित्र्यांतील कोंबडा कोरलेला आहे. परंतु घरोघर पोसला जाणारा, अंड्यांसाठीं व मांसासाठीं पाळला जाणारा पक्षी म्हणून त्याचा पुरावा मिळतो तो मारेशा ह्या प्राचीन नगरांत. तेथें इ. स. पूर्वीं चवथ्या ते दुसऱ्या शतकांतील थरांत कोंबड्यांचीं हाडें विपुल मिळालीं, व त्यांत माद्यांचें प्रमाण अधिक आढळलें. प्रभूच्या जन्मापूर्वीं दोनतीनशें वर्षें कोंबडी त्या देशाच्या अंगणांत रुळली होती, असा ह्याचा अर्थ.

हा इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे शुभवर्तमानांतील उपमेचें नावीन्य उमगतें. जुन्या करारांत देवाच्या पंखांच्या छायेचें वर्णन अनेक ठिकाणीं आहे. पण जेथें पक्ष्याचें नांव घेतलें आहे तेथें तो बहुधा गरुड आहे. गरुड उंच उडतो, पर्वताच्या कड्यावर घरटें करितो, आणि राजांच्या ध्वजावर शोभतो. प्रभूनें गरुड सोडून कोंबडी निवडली. नाझरेथच्या गृहिणी ज्या पक्ष्यास दाणे टाकीत असतील, जो धड उडूंही शकत नाहीं, आणि घार आली असतां ज्याच्यापाशीं स्वतःच्या देहावांचून दुसरें संरक्षण नाहीं, तो पक्षी प्रभूनें स्वतःसाठीं घेतला. मत्तय आणि लूक ह्या दोघांनींही तो दृष्टांत नोंदून ठेविला आहे.

नराची गोष्ट सर्वांस ठाऊकच आहे. पेत्रानें तीनदां नाकारलें, कोंबडा आरवला, आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. म्हणूनच पश्चिमेकडील देवळांच्या शिखरांवर वारा दाखविणारा कोंबडा बसविण्याची चाल पडली. अशा कोंबड्यांपैकीं आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना, इटलींतील ब्रेशिया नगरच्या बिशप राम्पेर्तो ह्यांच्या काळचा, म्हणजे नवव्या शतकांतला आहे. कोंबडा शिखरावर चढला; कोंबडी मात्र अंगणांतच राहिली. पण अंगणांत तिचा मान कमी नव्हता. सम्राट शार्लमेन ह्याच्या काळच्या, इ. स. ८०० च्या सुमाराच्या वतनांच्या नियमावलींत मोठ्या वाड्यावर निदान १०० कोंबड्या व ३० हंस, आणि लहान वाड्यावर ५० कोंबड्या व १२ हंस असावेत, असें फर्माविलें आहे. मध्ययुगांत प्रायश्चित्तकाळांत अंडीं वर्ज्य असत. पण कोंबडीस उपास कोठला? ती वसंतांत अंडीं घालीतच राही. सांठलेल्या अंड्यांस पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं मोठा मान मिळे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ह्याच्या घरखर्चाच्या वहींत १२९० सालीं त्या सणासाठीं ४५० अंडीं घेऊन रंगविल्याची नोंद आहे.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे पिलें उबविण्याकडे, वळूं. कांहीं दिवस अंडीं घालून झालीं कीं गावठी कोंबडी खुडूक बसते. ती घरट्यावरून उठत नाहीं, पिसें फुलविते, कोणी जवळ गेल्यास कुरकुरते, व प्रसंगीं चोंचही मारते. छातीखालचीं पिसें विरळ होऊन उघडी पडलेली ऊन कातडी अंड्यांस लागते. मग २१ दिवस तिचें तप चालतें. दिवसांतून एकदां थोडा वेळ ती उठते, दाणापाणी घेते, धुळींत लोळते, आणि अंडीं निवण्यापूर्वीं परत येते. चोंचीनें ती अंडीं वारंवार फिरवीत असते. तसें न केल्यास आंतील जीव कवचाच्या पडद्यास चिकटून मरण्याचा संभव असतो. कोणीही न शिकवितां ती सुमारें १०० अंश फॅरनहीटची ऊब राखते. त्या कवचाआड काय घडतें, हें प्रथम नीट पाहणारांत ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल ह्याची गणना होते. निरनिराळ्या दिवसांचीं अंडीं उघडून पाहतांना, तिसऱ्या दिवसानंतर रक्ताचा एक ठिपका उडतांना त्याला दिसला. तें पिलाचें हृदय होतें.

रोमन ग्रंथकार कोलुमेला ह्यानें पहिल्या शतकांत कुक्कुटपालनावर विस्तारानें लिहिलें आहे. मेघगर्जनेनें अंडीं बिघडूं नयेत म्हणून घरट्याच्या गवताखालीं लॉरेलच्या डहाळ्या, लसूण व लोखंडी खिळे ठेवण्याची चाल तो सांगतो. हिंदुस्थानांतील कित्येक खेड्यांत बायका आजही त्याच हेतूनें अंड्यांपाशीं लोखंडाचा तुकडा वा कोळसा ठेवितात. मेघगर्जनेचा अंड्यांवर परिणाम होतो कीं नाहीं, हा वाद बाजूस ठेवूं. पण दोन हजार वर्षांच्या व हजारों कोसांच्या अंतरावरील गृहिणींची काळजी एकच होती, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

कोंबडी खुडूक बसली म्हणजे अंडीं घालीत नाहीं, आणि एका वेळीं दहाबारा पिलांहून अधिक काढीत नाहीं. माणसाचा लोभ म्हणा वा गरज म्हणा, ह्यावर समाधान मानणारी नव्हती. कोंबडीवांचून अंडीं उबविण्याची युक्ति प्राचीन काळींच इजिप्तच्या लोकांनीं साधिली. कच्च्या विटांची लांबट इमारत, मधोमध बोळ, दोहों बाजूंस दुमजली खोल्या. खालच्या मजल्यावर हजारों अंडीं पसरलेलीं, व वरच्या मजल्यावर शेण व गवत ह्यांचा मंद विस्तव, अशी त्या भट्टीची रचना. उष्णतामापक यंत्र नव्हतें. भट्टीवाला अंडें उचलून आपल्या पापणीस लावी, आणि ऊब बरोबर आहे कीं नाहीं हें ओळखी. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. परक्यास ती सांगत नसत.

ह्या भट्ट्या पाहून ज्या युरोपीय ख्रिस्ती प्रवाशांनीं त्यांचें वर्णन लिहून ठेविलें, त्यांतील एक आरंभींचा प्रवासी म्हणजे आयर्लंडांतील फ्रान्सिस्कन बंधु सायमन. तो आपला सोबती बंधु ह्यू ह्याच्यासह १३२३ सालीं पवित्र भूमीच्या यात्रेस निघाला. वाटेंत कैरो येथें ह्यू मरण पावला, व सायमन एकटा पुढें गेला. त्याच कैरो शहरांत एका लांब अरुंद घरांत, कोंबडी किंवा कोंबडा नसतांना, केवळ अग्नीच्या योगानें अगणित पिलें निघतांना त्यानें पाहिलीं, व तें आश्चर्य आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत एडवर्ड लेन ह्या इंग्रज विद्वानानें इजिप्तच्या चालीरीतींवरील आपल्या १८३६ सालच्या ग्रंथांत त्या भट्ट्यांचा व्यवहार सांगितला आहे: शेतकऱ्यानें अंडीं आणून द्यावींत, व भट्टीवाल्यानें साधारणतः दोन अंड्यांमागें एक पिलूं परत करावें.

फ्रान्समध्यें रोमूर ह्या शास्त्रज्ञानें हीच विद्या शास्त्रशुद्ध रीतीनें अभ्यासिली. घोड्याच्या लिदीच्या ढिगांत पिंपें पुरून, त्यांत अंडीं ठेवून व उष्णता मोजून त्यानें पिलें काढिलीं, आणि १७४९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पण पिलें बाहेर आल्यावर त्याच्यापुढें नवीनच अडचण उभी राहिली: आतां ह्यांना पोटाखालीं घेणार कोण? त्यानें एक पेटी करविली, तिला आंतून मेंढीचें लोंकरी कातडें लाविलें, आणि तिचें नांव ठेविलें 'कृत्रिम माता'. पिलें त्या लोंकरींत शिरून निजत. शास्त्रज्ञाच्या ह्या नम्रतेचें कौतुक वाटतें. त्यानें पेटीस 'उष्णतायंत्र' म्हटलें नाहीं. आपण कोणाची जागा भरून काढीत आहों, हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

त्यानंतर यंत्रें झपाट्यानें सुधारलीं. इंग्लंडांत चार्ल्स हिअर्सन ह्यानें १८८१ सालीं, उष्णता आपोआप बेताची राखणारें दिव्यावरचें यंत्र प्रचारांत आणिलें. अमेरिकेंत १८९२ सालीं जोसेफ विल्सन ह्यानें एका दिवसाचीं पिलें आगगाडीनें दूरच्या गांवीं धाडलीं, व १९१८ पासून तेथील टपालखातें अशीं पिलें अधिकृतपणें नेऊं लागलें. दाणापाण्यावांचून पिलें वाटेंत जगत कशीं? अंड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं पिलूं उरलेला बलक आपल्या पोटांत ओढून घेतें, व त्यावर दोन दिवस सहज निभावतें. सर्व पिलें एकाच घटकेस बाहेर येत नाहींत. पहिलीं उपाशी मरूं नयेत आणि मागाहून येणाऱ्यांसाठीं आईला घरट्यावर थांबतां यावें, म्हणून सृष्टिकर्त्यानें ही शिदोरी दिली आहे. आईच्या धीरासाठीं दिलेली ती शिदोरी व्यापाऱ्याच्या सोयीची ठरली.

ह्यापुढें कोंबडीपालन हा घरचा जोडधंदा न राहतां कारखाना झाला. अमेरिकेंतील डेलावेर प्रांतांत १९२३ सालीं सेसील स्टील नांवाच्या गृहिणीनें ५० पिलें मागविलीं असतां चुकून ५०० आलीं. तीं तिनें मांसासाठीं वाढवून विकलीं, आणि त्यांतून एक प्रचंड उद्योग उभा राहिला. खुडूक बसणारी कोंबडी अंडीं कमी देते, म्हणून ती वृत्तीच निवडीनें काढून टाकण्यांत आली. अंड्यांसाठीं पाळल्या जाणाऱ्या आजच्या जातींच्या कोंबड्या बहुधा खुडूक बसतच नाहींत. त्या जातींचे नर अंडीं देत नाहींत व मांसासही फायदेशीर नसतात. म्हणून ते जन्मतःच मारले जातात. ह्या प्रथेनें अनेकांचें मन अस्वस्थ झालें, व जर्मनीनें १ जानेवारी २०२२ पासून तिला कायद्यानें बंदी केली.

तथापि एकाच बाजूनें निवाडा करूं नये. आपल्या देशांत १९५०-५१ सालीं सुमारें १८३ कोटी अंडीं होत. म्हणजे दर माणशीं वर्षास अवघीं ५. सन २०२२-२३ सालीं तीच संख्या सुमारें १३,८३८ कोटी झाली, व दर माणशीं १०१ अंडीं पडलीं. १९७१ सालीं पुण्यास सुरू झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांचा ह्या वाढींत मोठा भाग आहे. गरिबाच्या लेंकराच्या ताटांत अंडें आलें, तें यंत्रामुळें. यंत्राची निंदा करणाऱ्यानें हें विसरूं नये.

रोगांच्या बाबतींतही विद्येचे उपकार आहेत. आपण जिला मानमोडी म्हणतों, ती साथ १९२७ च्या सुमारास कुमाऊंमधील राणीखेत येथें आढळली, व त्या गांवाच्या नांवानेंच हिंदुस्थानांत ओळखली जाऊं लागली. तिच्यावरील लस जवळच्याच मुक्तेश्वर येथील संशोधन संस्थेंत १९४० च्या सुमारास तयार झाली. त्यापूर्वीं एका आठवड्यांत खुराडें रिकामें होई, आणि गृहिणीनें वर्षभर जमविलेला आधार जाई. फेब्रुवारी २००६ मध्यें आपल्याच राज्यांतील नवापूर येथें पक्ष्यांचा ज्वर देशांत प्रथम उघडकीस आला, तेव्हां साथ आवरण्यासाठीं लाखों पक्षी मारावे लागले. त्यांत परसांतल्या कोंबड्याही गेल्या. तरीही घरगुती कोंबडी नाहींशी झालेली नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील ८५.१८ कोटी कोंबड्यादि पक्ष्यांपैकीं ३१.७१ कोटी परसांतले होते, आणि त्यांची संख्या २०१२ पेक्षां सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढली होती. नाहींशी होत आहे ती शहराच्या कडेला आलेल्या आपल्यासारख्यांच्या अंगणांतून.

मग यंत्रानें सर्व कांहीं साधिलें असतां उणें काय राहिलें? ह्याचें उत्तर डग्लस स्पॉल्डिंग ह्या इंग्रज निरीक्षकानें १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत मिळतें. अंड्यांतून नुकतीं निघालेलीं पिलें आईची हांक ऐकतांच तिच्याकडे धांवतात, हें त्यानें पाहिलें. पण जें पिलूं आठदहा दिवस आईच्या हांकेवांचून वाढलें, त्याला मग ती हांक ऐकूं येऊनही न ऐकल्यासारखी होते. कोंबडी बोलावीत राहते, व पिलूं आपल्या वाटेनें जातें. आजच्या शास्त्रानेंही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांचें हें महत्त्व मान्य केलें आहे. किंबहुना अंडें फुटण्याच्या आदल्या दिवशींच पिलूं आंतून चिवचिवतें, व कोंबडी बाहेरून त्यास ओ देते. त्यांची ओळख कवचाआडच सुरू होते. ऊब विस्तवाची चालते, दिव्याची चालते, विजेची चालते. हांक मात्र आईचीच लागते, आणि ती वेळींच कानीं पडावी लागते.

ज्यांच्या घरीं थोडी मोकळी जागा आहे, त्यांनीं निदान एक गावठी कोंबडी ठेवावी, अशी विनंति आहे. ती खुडूक बसली म्हणजे शक्यतों आठवड्याच्या आंतलीं, स्वच्छ व न तडकलेलीं दहाबारा अंडीं पेंढा घातलेल्या टोपलींत ठेवून, सांजवेळीं तिला त्यांवर बसवावें. जागा अंधारी, शांत व मांजर-मुंगसापासून सुरक्षित असावी. जवळच पाणी व दाणे, आणि लोळण्यास कोरडी माती व राख असावी. सातव्या-आठव्या दिवशीं अंडें दिव्यापुढें धरून पाहावें. ज्यांत तांबड्या शिरांचें जाळें दिसत नाहीं तें काढावें. अठराव्या दिवसानंतर अंड्यांस हात लावूं नये. पिलें निघाल्यावर त्यांस बारीक कण्या व उथळ भांड्यांत पाणी द्यावें, पहिले कांहीं दिवस डालग्याखालीं राखावें, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून पहिल्याच आठवड्यांत मानमोडीची लस द्यावी. पक्षी हाताळल्यावर हात धुवावेत. आणि एकाएकीं अनेक पक्षी मेले, तर लपवून न ठेवितां तत्काळ वर्दी द्यावी.

ज्या मुलीच्या प्रश्नानें हा लेख सुरू झाला, तिला व तिच्या वर्गास पुढें एका शेजारणीच्या अंगणांत नेलें. तेथें नऊ पिलें घेऊन एक कोंबडी चरत होती. इतक्यांत घारीची सांवली जमिनीवरून सरकली. कोंबडीनें वेगळाच आवाज काढिला, खालीं बसली, पंख पसरले. आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पिलें दिसेनाशीं झालीं. पिसांखालून कांहीं पिवळे पाय तेवढे दिसत होते. मुलीनें ते वांकून मोजले. मग तिनें विचारलें, "एक आठच आहेत. नववें कुठें गेलें?" नववें कुंपणापाशीं, आपल्याच नादांत, माती उकरीत होतें. कोंबडी त्याच्याकडे तोंड करून सारखी हांक मारीत होती. त्याला घेण्यासाठीं तिनें आठांना उघडें टाकिलें नाहीं, आणि हांकही थांबविली नाहीं. अखेर तें धांवत आलें.

त्या दिवशीं तेविसाव्या अध्यायाचें स्पष्टीकरण करण्याची गरज उरली नाहीं. प्रभूचें दुःख त्या न आलेल्या पिलासाठीं होतें, हें मुलांच्या ध्यानीं आलें. आपल्या धर्मग्रामानें इतकीं वर्षें दुसरें काय केलें? घंटा वाजविली, लेंकरांना नांवानें हांक मारिली, आणि पंख पसरून वाट पाहिली. आपल्यांतील कित्येक आठांतले आहेत, कित्येक नवव्यासारखे. महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं एवढेंच मागणें आहे कीं, घरोघरच्या आईबापांनीं ही हांक आपल्या मुलांच्या कानीं पहिल्याच दिवसांत पडूं द्यावी, म्हणजे पुढें घारीची सांवली आली असतां कोणीकडे धांवावें हें त्यांना सांगावें लागणार नाहीं.